रुंद चाकांवरचा किल्ला

मित्रांनो, दिल्लीत आर. के. पुरमच्या एका सरकारी वसाहतीत कडुनिंबाखाली एक पांढरी, जुनी पिकअप गाडी उभी असते. ती मीच. पुढे माणसांसाठी केबिन, मागे सामानासाठी उघडा हौदा, आणि खाली चार रुंद, काळीभोर, ऐटदार चाकं. येणारेजाणारे आधी चाकांकडे बघतात आणि मग माझ्याकडे. मला त्याचं वाईट वाटत नाही. समोर पाणी साचलं की त्यात मीसुद्धा आधी चाकंच न्याहाळते.

पण ही चाकं माझी जन्माची नव्हेत. कारखान्यातून बाहेर पडले तेव्हा मला साधी, अरुंद चाकं होती. फौजेतून निवृत्त झालेल्या हिंदुरावांनी मला विकत घेतलं आणि छावणीत दूध-भाजी पोचवायच्या कामाला लावलं. पहाटेच्या धुक्यात बटाट्यांची पोती, कोबीचे ढीग, दुधाचे कॅन मी वाहिले. दसऱ्याला त्यांच्या पत्नी तानूबाई माझ्या बॉनेटवर हळदकुंकू लावायच्या आणि झेंडूची माळ घालायच्या. पुढे दोघं साताऱ्याकडे, आपल्या गावी परत निघाले. मला विकताना हिंदुराव नव्या मालकाला म्हणाले, "हिला ओझ्याची सवय आहे. नुसती शोभेला उभी करू नका."

नवे मालक म्हणजे इंद्रजित. एका मंत्रालयात नोकरी, आणि सुट्टी मिळाली की डोंगराकडे पळायची हौस. त्यांची बायको प्रमोदिनी आणि मुलगी चेतना. तेव्हा ही मंडळी सरोजिनी नगरच्या क्वार्टरमध्ये राहत. शेजारी भालचंद्रकाका आणि त्यांची मुलगी अक्षया. दोघी मुली एका वयाच्या, एका शाळेतल्या. दर दिवाळीत दोघी मिळून मागच्या अंगणात मातीचा किल्ला करायच्या. मी भिंतीपलीकडे उभी असायचे आणि त्यांची भांडणं ऐकायचे. बुरूज कुठे, तोफ कुठे, शेतात गव्हाचं पीक की बाजरीचं.

मग ती क्वार्टरं पाडून नव्या इमारती बांधायचं ठरलं. अंगण गेलं. अक्षया गाझियाबादला गेली आणि चेतना इथे आली. निघायच्या दिवशी दोघींनी किल्ल्यावर मांडायच्या मातीच्या चित्रांचा खोका माझ्या हौद्यात ओतला आणि वाटणी केली. मावळे, तोफा, हत्ती, पाणी भरणाऱ्या बायका चेतनाला. शिवाजी महाराज, सिंहासनासकट, अक्षयाला.

"म्हणजे आपला किल्ला एकच राहील," अक्षया म्हणाली. "तू केलास तर महाराज नाहीत, मी केला तर सेना नाही."

"प्रॉमिस?"

"पक्कं."

त्या दिवशी चेतना माझ्या मागच्या सीटवर तो खोका मांडीत घट्ट धरून आर. के. पुरमपर्यंत आली.

आता चाकांची गोष्ट. इंद्रजितच्या मनात ती फार दिवसांपासून होती. यंदा दसऱ्याच्या आधी मला करोल बागेत नेलं. दुकानदाराने माझ्याभोवती फेरी मारली आणि म्हणाला, "सर, पहले गाडी लिफ्ट करवा लो. ऊपर उठेगी तो बड़े टायर आराम से घूमेंगे."

"लिफ्ट नहीं करनी. मेरी मिसेस साड़ी पहन के कैसे चढ़ेंगी?"

"माझं नाव पुढे केलंत?" प्रमोदिनी शेजारीच उभी होती. "तुम्हाला खर्च नकोय म्हणून सांगा की."

दुकानदार हसला. उंची आहे तीच ठेवून रुंद रिम आणि मोठे टायर चढवले. पूर्ण स्टिअरिंग फिरवलं तेव्हा पुढचा टायर आतल्या प्लास्टिकला घासला, तेवढा भाग त्यांनी कापला. पुन्हा फिरवलं. आता कुठेच आवाज नाही. रिकामी मी गल्लीत एक चक्कर मारून आले. "बिल्कुल पास है," दुकानदार म्हणाला. इंद्रजित एवढे खुश झाले की घरी येईपर्यंत प्रत्येक दुकानाच्या काचेत मला बघत होते.

आणि खरं सांगू, मीही खुश होते. मला वाटलं, आता कुठे माझे पाय जमिनीला नीट लागले. वळणावर मी कलंडत नव्हते. ओल्या रस्त्यावर टायर असे घट्ट धरत, जसं तान्हं बाळ आईचं बोट धरतं. वसाहतीतली पोरं शाळेतून येताना टायरच्या खोल नक्षीत बोट घालून बघायची. घरी मात्र माझी जुनी चाकं बाल्कनीत जाऊन पडली.

"विकून टाकतो," इंद्रजित म्हणाले.

"राहू दे. एकात माझी तुळस छान बसते." प्रमोदिनीने कुंडी रिमच्या मधोमध ठेवलीसुद्धा.

दिवाळी जवळ आली. चेतना रोज खाली येऊन किल्ल्यासाठी जागा शोधायची, पण सगळीकडे गाड्याच उभ्या. एक दिवस ती माझ्या हौद्याच्या फळीवर हनुवटी टेकून उभी राहिली आणि म्हणाली, "आई, ह्याच्यात करूया? मग किल्लाच अक्षयाकडे जाईल."

प्रमोदिनीने हातातली पिशवी खाली ठेवून हौद्यात डोकावून बघितलं. मग म्हणाली, "अगं, हे मला कसं नाही सुचलं?"

पुढचे दिवस मी आयुष्यात विसरणार नाही. विटा रचल्या, दगड रचले, त्यावर चिखलात बुडवलेलं गोणपाट घातलं. चेतना म्हणायची, "हा टॉवर," आणि प्रमोदिनी म्हणायची, "बुरूज." "ही वॉल." "तटबंदी." "आई, तू फार कठीण नावं ठेवतेस." उतारावर अळीव पेरले. सकाळ-संध्याकाळ त्यावर पाणी शिंपडायचं काम चेतनाचं. ती इतकं मनापासून शिंपडायची की खालची मातीही चिंब व्हायची. हिरवे कोंब वर आले तेव्हा सारी वसाहत बघायला आली. मावळे जागोजागी उभे राहिले. वरची सिंहासनाची जागा तेवढी रिकामी होती. तिथे मातीत बोटाने केलेला एक खड्डा, महाराजांच्या चौथऱ्यासाठी.

मी हळूहळू खाली बसत होते. मला ते कळत होतं, पण मला बोलता कुठे येतं? आणि बघणारे सगळे किल्ला बघत होते, नाहीतर चाकं.

धनत्रयोदशीच्या दुपारी आम्ही गाझियाबादला निघालो. चेतनाने अक्षयाला फोनवर एवढंच सांगितलं, "महाराजांना घेऊन गेटवर ये. का ते विचारू नको." वसाहतीच्या गतिरोधकावर मागून खर्र असा आवाज झाला.

"काय वाजलं?" प्रमोदिनी.

"खडा अडकला असेल."

यमुनेच्या पुलावरून मी सांभाळून गेले. महामार्ग सोडून गाझियाबादच्या बाजूला वळलो आणि तिथला रस्ता म्हणजे नुसते खड्डे. प्रत्येक खड्ड्याला माझ्या मागच्या चाकावरची पत्र्याची कड नव्या टायरमध्ये घुसत होती. जळक्या रबराचा वास केबिनमध्ये शिरला तेव्हा इंद्रजितनी मला कडेला घेतलं. खाली उतरून त्यांनी वाकून टायर चाचपला. टायरच्या खांद्यावर लांब ओरखडा होता, बोटाचं टोक जाईल एवढा खोल.

"रिकामी तपासली आपण," ते म्हणाले. "चाक फिरवून बघितलं, वळवून बघितलं. ओझं घालून नाही बघितलं."

"आणि रोज दोनदा पाणी घातलं ओझ्याला," प्रमोदिनी म्हणाली.

चेतना दोघांकडे आळीपाळीने बघत होती. "परत जायचं?"

"परत जायला तरी टायर टिकायला हवा, बेटा. वजन उतरवावं लागेल."

"म्हणजे किल्ला मोडायचा?"

इंद्रजितनी मागची फळी उघडायला हात लावला. चेतना माझ्या हौद्यावर चढली आणि सिंहासनाच्या रिकाम्या जागेभोवती दोन्ही हात धरून बसली, जसं कुणी दिव्याला वाऱ्यापासून जपतं. मित्रांनो, पोती वाहिली, कॅन वाहिले, पण त्या क्षणाइतकं जड मला कधी काही वाटलं नाही. ती ऐट, ती रुंदी, साचलेल्या पाण्यात स्वतःला न्याहाळणं, सगळं खुजं वाटलं.

प्रमोदिनीने फोन लावला. भालचंद्रकाका जवळच राहत होते. ते आपली छोटी गाडी घेऊन आले. डिकीत बादल्या, भाजीच्या पिशव्या, कपड्यांचा टब. मागच्या सीटवरून अक्षया उतरली, हातात रुमालात गुंडाळलेले महाराज. माझ्याकडे बघून काका म्हणाले, "इंद्रजितराव, किल्ला दाखवायला आणलात की चाकं?"

"आता दोन्ही झाकायचेत," इंद्रजित म्हणाले.

अक्षया मात्र हौद्याकडे बघत उभी होती. "तू एकटीनेच सगळा केलास?" तिचा आवाज बारीक झाला होता. "मला फक्त महाराज ठेवायला बोलावलंस?"

चेतनाला हे सुचलंच नव्हतं. ती गडबडली. तिने सिंहासनाच्या जागेभोवतीचे हात काढले आणि म्हणाली, "नाही. म्हणजे... हो. पण आता खालचा अर्धा मोडायचाय. तू धर ना एका बाजूने."

मग कामाला सुरुवात झाली. प्रमोदिनीने कोंबांसकट गोणपाट अलगद सोडवलं आणि पोळीसारखं गुंडाळलं. खालच्या विटा, दगड, ओली माती बादल्यांमधून काकांच्या गाडीत गेली. वरचा बालेकिल्ला तेवढा माझ्या पाठीवर राहिला. मी हळूच वर उठले. पत्रा आणि टायर यांच्यात पुन्हा फट दिसू लागली, आणि इंद्रजितनी त्या फटीत हात घालून खात्री करून घेतली. गेटपर्यंत एकदाही खर्र झालं नाही.

अक्षयाच्या इमारतीखाली दोघींनी हौद्यात चढून खालचा डोंगर पुन्हा रचला. भांडणंही झाली.

"तोफ इकडे नको. शत्रू गेटमधून येणार."

"शत्रू मागून येतो, यार, पार्किंगमधून."

कोपरापर्यंत चिखल, गालावर चिखल. अळिवाचं गोणपाट उलटंसुलटं बसलं, त्यामुळे शेत बुरुजावर गेलं आणि तसंच राहिलं. दिवे लागायच्या वेळी अक्षयाने रुमाल सोडला. चेतना म्हणाली, "थांब," आणि सिंहासनाच्या जागेचा तो खड्डा बोटाने जरा रुंद केला. "आता ठेव. दोघी मिळून."

दिवाळीच्या त्या चार दिवसांत मी तिथून हलले नाही. इमारतीतली मुलं यायची, किल्ला बघायची आणि मग खाली वाकून माझी चाकंही बघायची. ओरखडा दिसला की विचारायची, "ये कैसे हुआ?" अक्षया सांगायची आणि चेतनाचं नाव आधी घ्यायची.

दिवाळीनंतर ओरखडा पडलेला टायर बदलला. पत्र्याची कड आत दाबून घेतली आणि ओझं पेलणाऱ्या मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांमध्ये एक जादा पाटा घातला. पुन्हा चक्कर मारायची वेळ आली तेव्हा इंद्रजितनी हौद्यात आधी विटा भरल्या, आणि शेजारच्यांनाही चढून बसायला सांगितलं. "हळू घ्या हो," प्रमोदिनी खालून म्हणाली, "तुळशीखालचं चाक काढायची वेळ आणू नका."

मित्रांनो, माझ्या रुंद चाकांचं कौतुक जरूर करा. मलाही ते आवडतं. फक्त माझ्यासारख्या कुणाला नवं काही चढवाल, नवी चाकं, नवी जबाबदारी, नवं दप्तर, तर रिकाम्या पाठीवर बघून "छान दिसतं" म्हणून निघून जाऊ नका. पाठीवर ओझं ठेवा, खड्ड्यातून एकदा नेऊन आणा आणि मग कान देऊन ऐका. आम्हाला बोलता येत नाही. आम्ही फक्त खर्र म्हणतो, आणि तो दर वेळी खडाच नसतो.