रोगण खराब होईल म्हणून

मी पळसदेवच्या रावजीची होडी बोलतेय. दोन माणसं ऐसपैस आणि चार माणसं दाटीवाटीनं बसतील एवढीच मी. एक डोलकाठी, एक शीड, दोन वल्ही. आणि भीमेच्या काठावर दुसऱ्या कुणाचं नसेल असं एक कौतुक माझ्या वाट्याला आलंय, ते म्हणजे मला बैल ओढतात. हसू नका. हसायचंच असेल तर आत्ता हसून घ्या, पुढं हसण्यासारखं फारसं नाही.

माझा जन्म मुंबईचा. माझगावातल्या एका सुतारानं सागाच्या फळ्या जोडून मला घडवलं. कालव्यावरच्या एका गोऱ्या इंजिनिअरनं मला बारामतीला आणलं, काही रविवार शिर्सुफळच्या तलावात फिरवलं आणि स्वराज्य आल्यावर तो आपल्या देशी निघून गेला. त्याच्या बंगल्यामागच्या छपरात मी पडून राहिले. कोंबड्या माझ्यात अंडी घालायच्या. फळ्यांना चिरा गेल्या. पाण्यावर तरंगायचं कसं, हेही मी विसरत चालले होते.

त्रेपन्न साली रावजी त्या बंगल्यावर पेरूची पाटी घेऊन आला. पळसदेवला त्याची पेरूची बाग आणि वांगी-मिरचीचं माळवं होतं. लघवीला म्हणून तो मागच्या अंगाला आला आणि मला बघून तिथंच उभा राहिला. त्यानं कोंबड्या हाकलल्या, माझ्या काठावरून हात फिरवला. पुढच्या बाजाराला त्यानं मला विकत घेऊन गाडीत घातलं.

त्याची बायको ठमाबाई दारातच उभी होती. म्हणाली, "अवो, मीठ-मिरची आणाया गेल्ता का सवत आणाया?"

रावजी नुसता हसला. गावच्या लोहाराकडं जीपची जुनी चाकं होती. ती बसवून त्यानं सुताराकडून एक बुटका गाडा करून घेतला. गाडा मागच्या अंगानं पाण्यात ढकलायचा, दोर सोडायचा, की मी आपोआप तरंगायला लागायचे. परत निघताना बैलांनी ओढलं की पाणी गाळत बाहेर.

छोट्या होडीचं सुख काय असतं ते रावजीला विचारा. मोठी नाव एका घाटाला बांधलेली असते, माझं तसं नाही. उन्हाळ्यात भीमा आटून डबकी उरली की रावजी बैल जुंपायचा आणि मला शेटफळच्या तलावावर घेऊन जायचा. वाटेत पोरं मागं धावायची. म्हातारे विचारायचे, "रावजी, होडी रस्त्यावर चालती व्हय रं?" तलावावर पोचलं की डोलकाठी उभी करायची, शीड चढवायचं, वाऱ्यानं आडवं वाहून जाऊ नये म्हणून तळातली मधली फळी पाण्यात सोडायची. वाऱ्यानं शीड भरलं की सगळा आवाज थांबतो, फळीखाली पाणी बोलतं तेवढंच. शेतात दिवसभर गड्यांवर खेकसणारा रावजी माझ्यात बसला की गप्प व्हायचा. ठमाबाई पहिल्यांदा बसली तेव्हा दोन्ही हातांनी काठ धरून देवाचं नाव घेत होती. तिसऱ्या खेपेला तिनं सुकाणू मागून घेतलं. मधल्या पाण्यात गेल्यावर भाकरीचं फडकं उघडून, ठेचा मधे ठेवून दोघं जेवायची. त्या दोघांना एवढं निवांत मी घरी कधी पाहिलं नाही.

घरी आलं की आधी माझी अंघोळ, मग बैलांना पाणी. जुन्या धोतरानं मला पुसायचं, जवसाचं तेल चोळायचं, वर्षातून एकदा रोगण द्यायचं. कुणी म्हणालं, "तात्या, पैलतीराचा कडबा तेवढा आणू का होडीतनं?" तर रावजी लगेच मान हलवायचा. "न्हाय बाबा, कुसळं जात्यात फटीत." मला ते आवडायचं. नांगराला चिखल लागतो, मोटेला शेवाळ धरतं, माझ्या अंगावर मात्र चरा नाही, याचा मला गर्व होता.

आता बिरूचं सांगते. बिरू धनगर. म्हातारी आई साखरबाई, बायको सारजा आणि मेंढरांचं खांड, एवढा त्याचा संसार, तोही पाठीवरचा. खांड म्हणजे कळप. बागाईतदार अशी मेंढरं शेतात बसवून घेतात, कारण लेंडीखतासारखं खत नाही. एका वर्षी भादव्यात रावजी बिरूच्या मागं मागं फिरला होता. "माझ्या पेरूत बसव गड्या, जवारी वाढवून देतो." मेंढरं बसली, बाग हिरवीगार झाली. मग बिरू नदीच्या बेटावर चारायला गेला. पाणी तेव्हा गुडघ्याएवढंच होतं.

खंडेनवमीचा दिवस उजाडला. त्या दिवशी घरातली सगळी अवजारं धुऊन, हळदकुंकू वाहून पुजायची आणि त्यांना पूर्ण विश्रांती द्यायची. कुणी नांगर हलवत नाही, कुणी विळा उचलत नाही. अंगणात नांगर, कुळव, खुरपी मांडली होती आणि मधोमध गाड्यावर मी. दोन दिवसांपूर्वीच रोगण दिलेलं, अजून बोटाला चिकटत होतं. ठमाबाईनं माझ्या नाळेला, म्हणजे पुढच्या टोकाला, झेंडूच्या माळा घातल्या होत्या. मी मोठ्या ऐटीत बसले होते.

दुपार कलताना बिरू धावत आला. सणाचा गूळ घ्यायला तो गावात आला होता. वरच्या अंगाला परतीचा पाऊस कोसळला होता आणि नदी बघता बघता चढली होती.

"तात्या, बेटाला पानी लागलं! आई आन सारजा तितंच हाईत, समदी मेंढरं तितंच हाईत. होडी सोडा!"

रावजीनं माझ्याकडं बघितलं. तो कुठं बघत होता ते मला दिसलं. माळांकडं नाही, आतल्या चकचकीत तळाकडं.

"बिरू, आज खंडेनवमी हाय गड्या," तो म्हणाला. "पुजलेलं अवजार हलवायचं कसं? पानी काय येवढं चढत न्हाय. वरच्या गावाला मानसं पल्याड न्हेनारी उताराची नाव हाय, तिला हाक मार."

मला वाटलं बिरू भांडेल. तो भांडला नाही. त्याला ते पटलं. त्यानं माझ्या नाळेला हात लावला, तो कपाळाला नेला, "व्हय, देवाचं हाय," म्हणाला आणि वरच्या गावाच्या वाटेनं पळत सुटला.

ठमाबाई चुलीपाशी होती. ती बाहेर आली. "देवाचं नाव कशापायी घेता? खरं काय त्ये सांगा."

रावजी खाली बघत म्हणाला, "अगं, परवाच रोगण दिलंय. वली मेंढरं आत घातली की लेंड्या, मूत... वास जायाचा न्हाय, रोगणाचा पार इस्कोट व्हईल."

"मागल्या म्हैन्यात ह्याच लेंड्यांसाटी तुमी त्याचं पाय धराया निगाला हुता. वावरात त्ये सोनं, आन हितं घाण?"

तेवढ्यात ठमाबाईची नजर फाटकाकडं गेली. बिरू तिथं उभा होता. घाईत त्याची काठी भिंतीला टेकवलेली राहिली होती, ती न्यायला तो माघारी फिरला होता. त्यानं सगळं ऐकलं होतं. त्यानं काठी उचलली आणि जायला वळला.

ठमाबाईनं माझ्या माळा ओढून काढल्या. "पूजा मी मांडली, मीच मोडते. पाप लागलं तर माझ्या माथी. बिरू, हो म्होरं, गाडा ढकल!"

मग रावजीही धावला. बैल न जुंपता तिघांनी मला नदीपर्यंत ढकलत नेलं. रावजीनं बिरूला आत घेतलं आणि शीड चढवलं. इतकी वर्षं हौसेसाठी शिकलेलं सगळं त्यानं त्या गढूळ पाण्यात पणाला लावलं, हे मला सांगितलंच पाहिजे. धार आडवी कापत त्यानं मला बेटाला लावलं. बेट कुठलं, खाटेएवढ्या चार-सहा उंचवट्यांवर मेंढरं गोळा झाली होती. सारजा कमरेएवढ्या पाण्यात दोन कोकरं खांद्यावर घेऊन उभी होती. साखरबाई मेंढरांच्या मधे बसून हलायला तयार नव्हती. "आदी कोकरं न्या," एवढंच म्हणत होती.

सारजा पहिलं कोकरू आत टाकणार, तोच बिरू म्हणाला, "थांब." त्यानं खांद्यावरचं घोंगडं काढलं. काळं, जाड, बापाच्या वेळचं. देवाला बसायला अंथरतात ते. आणि ते माझ्या तळाशी नीट, कोपरे ओढून अंथरलं.

रावजी घोंगड्याचा कोपरा ओढायला वाकला. "बिरू, काढ त्ये. काढ म्हनतो ना!"

"ऱ्हाऊ द्या तात्या," बिरू म्हणाला. "रंग खराब व्हईल."

तो रागानं बोलला असता तर बरं झालं असतं. बायको कमरेएवढ्या मरणात उभी असताना त्यानं वेळ घालवला तो माझ्या रोगणासाठी. मला तळातून भोक पडावं आणि पाणी आत यावं असं वाटलं, पण आत कोकरं यायची होती, मला बुडायचीही सोय नव्हती.

पहिल्या खेपेला कोकरं आणि सारजा. दुसऱ्या खेपेला बिरूनं आईला उचलूनच आत घातलं, सोबत गाभण मेंढ्या. पुन्हा एक खेप झाली. त्यानंतर आम्ही फिरलो तेव्हा तिथं बेट नव्हतं, मेंढरंही नव्हती. अर्ध्याहून जास्त खांड गेलं. अंगणात जेवढा वेळ पूजेच्या गोष्टी चालल्या, तेवढ्यात एक खेप आरामात झाली असती. हे रावजी जाणतो. बिरूही जाणतो. ते कधी एकमेकांशी यावर बोलले नाहीत.

दुसऱ्या दिवशी दसरा. रावजी आपट्याची पानं घेऊन बिरूच्या पालावर गेला. म्हणाला, "होडी तुला दिली बिरू. घेऊन जा." बिरूनं पानं घेतली, वाकून पाया पडला आणि म्हणाला, "आमी कुठं ठेवू तात्या? आमचं घरच चालतंय."

तेव्हापासून रावजी मला धूत नाही. रोगण पुन्हा दिलं नाही. घोंगड्याचे काळे केस ओल्या रोगणात रुतून बसले ते तसेच आहेत. गाडा पेरूच्या बागेत उलटा पडलाय आणि मी पावसाळाभर घाटावर असते, वल्ही आतच ठेवलेली. कडबा नेतात, शेणखत नेतात, कुणाची आजारी म्हातारी नेतात. वास येतो, आणि मला तो हवासा वाटतो. रावजी बिडी ओढत काठावर बसतो आणि कुणी हाक मारतंय का ते बघतो.

परवा साखरबाई पैलतीरावर आली. काखेत कोकरू, पावसानं भिजलेलं. रावजी उठून उभा राहिला, दोन्ही हात हलवून ओरडला, "आत्या, आलो! थांबा!" मला त्यानं असं वल्हवलं की माझ्या फळ्या करकरल्या.

म्हातारी काठावरून दोन पावलं मागं सरली. टोमणा मारायचा तिचा स्वभाव नाही, तिच्या तोंडावर खरीखुरी काळजी होती.

"नगं रं तात्या," ती म्हणाली. "कोकरू वलं हाय. तुझी होडी खराब व्हईल."

आणि उताराच्या नावेसाठी ती वरच्या गावाच्या वाटेनं पावसातून चालत निघाली. रावजी वल्हं हातात धरून तसाच बसून राहिला. बायांनो, बाप्यांनो, तुमच्यापैकी कुणी तिला वाटेत भेटलात, तर माझं एवढं सांगा की होडी म्हणते, आजी, माघारी ये.