बायनाबाईच्या मोटेचं चाक

मित्रांनो, गोठ्याच्या भिंतीला टेकवलेलं, खाच झिजलेलं हे लाकडी चाक दिसतंय ना, ते मीच. मोटेचं जुनं चाक. कोंबड्या माझ्यावर बसतात, मांजर माझ्याआड निजतं, आणि आलेला पाहुणा विचारतो, ही अडगळ अजून कशाला ठेवली. त्याला उत्तर द्यायला घरात कुणाला सवड नसते. मला मात्र सवडच सवड आहे, म्हणून सांगतो.

माझा जन्म झरीच्या शिवारात झाला. ज्या बाभळीतून मला काढलं ती एवढी थोर होती, की सकाळी तिची सावली मानवतच्या बाजारात पडायची आणि सांजेला थेट पूर्णेत. मुंजाजी सुतारानं तिला कुऱ्हाडीचा पहिला घाव घातला आखाजीला आणि शेवटचा दिवाळीला. मग महिनाभर तासून, घासून, मधोमध भोक पाडून त्यानं मला घडवलं. लोखंडी आस भोकातून सारला, मला एक गरका दिला आणि कान लावून ऐकलं.

"बन्सी," तो मालकाला म्हणाला, "चाक बोलकं निगालं बग. तुज्या घरात कुनीतरी बोलनारं पायजेच होतं."

माझा मालक बन्सीधर म्हणजे मुलखाचा अबोल माणूस. बैलांशीसुद्धा तो बोटानं बोलायचा. शेपटीला बोट लागलं की बैल निघत आणि पाठीवर बोट टेकलं की थांबत. दिवसभरात त्याच्या तोंडून चार शब्द निघाले, तर संध्याकाळी तो थकल्यासारखा दिसे.

निजामाचं राज्य होतं. फसली तेराशे सत्तेचाळीस, म्हणजे इंग्रजी एकोणीसशे सदतीस साल. विहिरीच्या काठावर दोन खांबांच्या बेचक्यात मला बसवलं. जाड नाडा माझ्या खाचेतून जायचा. त्याच्या एका टोकाला कातड्याची मोट, दुसऱ्या टोकाला बैल. बैल उतारावरून खाली चालत गेले की मोट भरून वर यायची, दगडी थारोळ्यात भसकन रिकामी व्हायची आणि पाणी पाटाला लागायचं.

मित्रांनो, मी वरून काय पाहायचो ते सांगू का? विहिरीच्या तळाशी आभाळ असायचं. मोट त्यात बुडायची, आभाळाचा एक तुकडा चामड्यात भरून वर आणायची, आणि तो तुकडा पाटानं वळणं घेत गव्हात शिरायचा. फाल्गुन लागला की बांधावरचा पळस लाल होई, आंब्याच्या मोहोराचा वास पाण्यावरून तरंगत येई, आणि गहू हिरव्याचा पिवळा व्हावा की नको अशा विचारात उभा असे. अशा वेळी मी फिरता फिरता डुलकी घ्यायचो. फिरत फिरत झोपणं फक्त चाकांना आणि पृथ्वीला जमतं.

आणि मी गायचो. लोक त्याला कुरकुर म्हणत, पण ते लोकांचं झालं. मोट वर येताना लांब सूर, खाली जाताना आखूड. एकदा वारा पडलेला होता आणि मी जरा रंगात आलो, तर परभणीहून निघालेली आगगाडी दोन घटका रुळावर उभी राहिली. समोरून दुसरी गाडी शिट्टी देत येतेय असं वाटलं म्हणे. पटत नसेल तर सोडून द्या. पण आता जे सांगणार आहे ते खरं आहे.

बन्सीधरची आई बायनाबाई दारं धरायची. दारं धरणं म्हणजे पाटाचं पाणी एका साऱ्यातून दुसऱ्या साऱ्यात वळवणं. गव्हाचे सारे लांबच लांब, पट्ट्यांसारखे. एक भरला की खोऱ्यानं मातीचं तोंड बुजवायचं आणि पुढचं उघडायचं. काम हलकं दिसतं, पण उशीर झाला तर बांध फुटतो आणि घाई झाली तर साऱ्याचं टोक कोरडं राहतं. पाणी दुसऱ्या टोकाला टेकलं का, हे डोळ्यानं बघावं लागतं.

आणि बायनाबाईचे डोळे गेले होते. अगदी अंधार नव्हता, पण सगळं जग ताकात बुडवल्यासारखं. हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर मुलानं तिला घरी बसवलं असतं, आणि तिचं म्हणणं असं, की ज्या बाईचे पाय चाळीस फाल्गुन पाटाच्या पाण्यात भिजले ती ओट्यावर बसून वाळूनच जाईल. म्हणून ती मला मोजायची. एका साऱ्याला आठ मोटा. माझा लांब सूर ऐकला की ती अंगठा बोटाच्या पेरावर ठेवी. आठवं पेर आलं की खोरं उचली. दोन वर्षांत एक सारा चुकला नाही. हे गुपित तिचं आणि माझं होतं. निदान मला तसं वाटत होतं.

त्या फाल्गुनात शिवरात्र झाल्यावर घरी बायनाबाईचे जावई आले. किशनराव. परभणीच्या एका जिनात, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, ते यंत्रांना तेल-वंगण घालायचे. कापसाचा हंगाम ओसरला म्हणून आठ दिवस सासुरवाडीला आले, आणि येताना कागदात बांधून वंगणाचा डबा घेऊन आले. दुसऱ्या दिवशी सकाळी मळ्यात येऊन त्यांनी माझा पहिला सूर ऐकला आणि कानांवर हात ठेवले.

"काय हो हे बन्सीधर? जिनात एवढाली यंत्रं चालायलीत, पर असं रडगाणं न्हाई ऐकलं."

बन्सीधर नुसता हसला. त्याची बायको सुमनबाई न्याहारी घेऊन आली होती. डोक्यावरचा पदर पुढं ओढून ती नवऱ्याला म्हणाली, "पाव्हण्याला म्हणावं, राहू द्या. सवय हाय आमाला."

"सवय म्हणून काय झालं? दोन बोटं वंगण लावतो. मग बगा, लोण्यावानी फिरंल."

आता तुम्ही म्हणाल, सरळ नको म्हणायचं. पण मित्रांनो, आमच्याकडं जावयाला नको म्हणत नाहीत. जावयानं भाजीत मीठ जास्त सांगितलं तर सगळं घर खारट भाजी खातं. बन्सीधरनं बैल थांबवले. किशनरावांनी बाह्या सावरल्या, आस उपसला आणि मला असं माखलं, की अंगाला रामनवमीच्या पहिलवानासारखी चकाकी आली.

मी फिरू लागलो आणि माझ्या तोंडून काही निघेना. तुम्ही स्वप्नात ओरडता आणि आवाज फुटत नाही, तसं झालं. विहिरीतलं आभाळ वर येत होतं, पाटानं जात होतं, आणि सगळ्या मळ्यात शांतता. किशनराव खूश होऊन आंब्याखाली आडवे झाले.

बायनाबाई तेव्हा पार खालच्या साऱ्यावर होती. तिनं तीन मोटा मोजल्या होत्या. चौथी आलीच नाही. तिला वाटलं, जावई आलेत, बैल न्याहारीला सोडले असतील. तिनं खोरं आडवं ठेवलं आणि बांधावर बसून राहिली, चेहरा उन्हाकडं करून. मी वरून तिला बघत होतो. आठ झाल्या. बारा झाल्या. गव्हाच्या मुळाशी पाणी चमकू लागलं, बांधाला भिडलं, आणि एका उंदराच्या बिळातून पलीकडं उतरलं.

पलीकडं शेजारच्या सिद्रामप्पांचं खळं होतं. दोन दिवस शेणानं सारवून त्यावर त्यांनी ज्वारीची कणसं मळायला पसरली होती. थोड्या वेळानं धोतराचा सोगा हातात धरून आप्पा धापा टाकत आले. कपाळावर विभूतीचे आडवे पट्टे होते, त्यावर घाम.

"बन्सी, माज्या कणसाला आंघोळ घालायची व्हती तर काल सांगायचंस. उटणं लावून ठेवलो असतो."

मग एकच धावपळ. बैल थांबले. बन्सीधर, सुमनबाई, झोपेतून उठलेले किशनराव, सगळे घोंगड्या-पोत्यांत कणसं उचलायला धावले. निम्मी वाचली, निम्मी भिजली. बायनाबाई खोरं घेऊन बांधावर उभी होती.

"पर मोट तर बंद हाय ना रं?" ती म्हणाली. "आवाज न्हाई कायी न्हाई. पाणी आलं कुठून?"

ती हे एका बोरीच्या झुडपाला विचारत होती. बन्सीधर तिच्या डाव्या हाताला, तीन पावलांवर उभा होता. तो आईकडं बघत राहिला. मग बोरीकडं बघितलं. कणसांचं पोतं त्यानं हळूच खाली ठेवलं.

"माय," तो म्हणाला, "मी हिकडं हाय."

बायनाबाईनं मान वळवली, पण उशीर झाला होता. सिद्रामप्पा वळले आणि भिजलेली कणसं वेचू लागले.

संध्याकाळी बैल सोडताना बन्सीधर एवढंच म्हणाला, "उद्यापासून तू घरी बस, माय." तिनं खोरं पाटात धुतलं, सुनेच्या हातात दिलं आणि बन्सीधरच्या मागं मागं गावाकडं गेली.

तीन दिवस सुमनबाईनं दारं धरली. तिला उत्तम दिसत होतं, सारे नीट भरत होते, मी मुक्यानं फिरत होतो, आणि गहू शेवटचं पाणी पीत होता. सगळं ठीक होतं आणि काहीच ठीक नव्हतं. चौथ्या दिवशी न्याहारीला सुमनबाईनं भाकरी नवऱ्यापुढं ठेवली, पण हात मागं घेतला नाही.

"आत्याबाईनं कालपासून तुकडा मोडला न्हाई. ओट्यावर बसून बोटाची पेरं मोजायल्यात, एक ते आठ, एक ते आठ."

बन्सीधरनं भाकरी बाजूला सारली.

"त्यांला दिसत न्हाई हे मला दोन वर्सांपासून ठाव हाय. चुलीवरचा तवा चाचपून उचलतात. पर एक तरी सारा चुकला का त्यांचा? त्या चाकावर चालायच्या. ते चाक मुकं केलं आपण, आन् घरी बसवलं त्यांला."

"मला का न्हाई सांगितलंस?"

"तुमी कवा इचारलं? तुमी बोलताव तरी का कुणासंगं?"

आंब्याखाली किशनराव उठून बसले होते. त्यांना सगळं ऐकू गेलं होतं. ते न बोलता विहिरीवर आले, धोतर वर खोचलं आणि मला बेचक्यातून उतरवलं. चुलीची राख, वाळू आणि मूठभर काथ्या घेऊन ते घासायला बसले. आसाचं भोक घासलं, आस घासला, पुन्हा भोक घासलं.

"आजवर वंगण घाला म्हणून समदे मागं लागले," ते स्वतःशीच पुटपुटले, "काढा म्हणणारं पयलं घर हे."

सूर्य डोक्यावर आला तेव्हा मी पुन्हा बेचक्यात बसलो. पहिल्या मोटेला नुसती घरघर. दुसरीला घशात अडकलेला सूर. तिसरीला, मित्रांनो, मी असा फुटलो की पळसावरचे रावे उडाले. गाव तिथून अर्धा कोस. तिथवर माझा आवाज पोचला, की बायनाबाई आधीच वाटेला लागली होती, यावर लोक वाद घालतात. मी वाद घालत नाही. चौथी आणि पाचवी मोट झाली, सहावी खाली गेली, आणि गव्हापलीकडच्या पायवाटेवर बायनाबाई दिसली. एकटी. पायानं पाट चाचपला, पाण्यात उतरली आणि पाण्यातूनच चालत वर येऊ लागली, वाट चुकू नये म्हणून. तिच्या घोट्यांभोवती आभाळाचे तुकडे फुटत होते आणि पुन्हा जुळत होते.

सुमनबाईनं तिला येताना पाहिलं. तिनं खोरं सासूच्या हाताला लागेल असं मातीत रोवलं आणि ती बाजूला झाली.

बन्सीधरनंही पाहिलं. त्याचं बोट बैलाच्या पाठीवर टेकलेलं होतं. बैल थांबले, मी थांबलो. मला वाटलं, आता हा तिला परत धाडतो. त्यानं तोंडाशी हाताचा कर्णा केला आणि जन्मात पहिल्यांदा सगळ्या शिवाराला ऐकू जाईल असा आवाज काढला.

"माय, कितवी?"

बायनाबाई थबकली. अंगठा पेरावरून सरकला.

"सहावी खाली गेली," तिनं सांगितलं. "ती धरून तीन राहिल्या."

बन्सीधरनं बैलाच्या शेपटीला बोट लावलं. एक. दोन. तीन. बायनाबाईनं खोरं उचललं, साऱ्याचं तोंड बुजवलं आणि पुढचं उघडलं. बन्सीधर बैल सोडून खाली गेला, साऱ्याच्या शेवटाशी उकिडवा बसला. पाणी टोकाला टेकलं होतं, बांधावर एक थेंब चढला नव्हता. त्यानं ओल्या मातीवर बोट टेकलं. बांधापलीकडून सिद्रामप्पा डोकावले.

"अक्का, माज्या खळ्याकडल्या साऱ्याला तेवढ्या सातच धरा," ते म्हणाले. "आठवी मी माज्या घागरीनं घालतो."

त्यानंतर बायनाबाईनं सात फाल्गुन दारं धरली. शेवटी शेवटी तिला ताकसुद्धा दिसत नव्हतं. ती गेली त्या वर्षी गहू तसाच डुलत होता, पळस तसाच लाल होता, आणि मी सवयीनं गात होतो. पण आठवा सूर संपल्यावर खाली कुणाचं खोरं वाजत नसे. सुमनबाई बघून पाणी वळवायची. तेव्हा मला पहिल्यांदा माझा आवाज कुरकुरीसारखा वाटला.

मित्रांनो, मला धुवा, रंग द्या, असं मी म्हणत नाही. कोंबड्यांची मला सवय झाली आहे. एवढंच करा. तुमच्या घरात काही कुरकुरत असेल, एखादं दार, एखादा पाळणा, पाण्याचा रहाट, तर ते गप्प करायला लगेच उठू नका. घरातलं सगळ्यात म्हातारं माणूस कुठं बसलं आहे ते बघा. त्याचा अंगठा पेरांवरून सरकतोय का, तेवढं आधी बघा.