डाव्या सीटवरचं पाणी

मी एक जुना टप आहे. उघड्या गाडीचा, कापडाचा, घडी होऊन मागे सरकणारा टप. कापडाचा म्हणून मला हसू नका, मित्रांनो. बाहेर जाड कॅनव्हास, मध्ये रबराचा पातळ थर, आत मऊ अस्तर आणि या सगळ्याखाली पोलादाच्या पाच बरगड्या, असा माझा थाट आहे. लोकांनी मला पुढे ‘गळका’ म्हणून हिणवलं. त्यात माझा दोष किती आणि इतरांचा किती, हे तुम्हीच ठरवा. मी मात्र काही लपवणार नाही. मी एक फार वाईट गोष्ट केली आहे.

एका लांबट खोलीत मला एका बाईंनी शिवलं. त्यांच्या हाताला दाभणाचे घट्टे पडले होते आणि त्या सुती दोऱ्याशिवाय दुसऱ्या कशालाही हात लावत नसत. सुती दोरा भिजला की फुगतो आणि सुईचं भोक आपोआप बुजवतो. शिवून झाल्यावर त्यांनी मला गाडीवर चढवणाऱ्या कारागिराला बजावलं, “काठाच्या पन्हळीत थोडं पाणी येणारच. दोन कोपऱ्यांतल्या नळ्या मोकळ्या ठेवा, म्हणजे ते गाडीखाली पडेल. नळ्या बुजल्या तर मग माझ्या नावाने ओरडू नका.” कारागिराने मान हलवली. ही गोष्ट गाडी विकत घेणाऱ्यांना सांगायला मात्र तो विसरला.

गाडी घेतली दोघी बहिणींनी. थोरली शाळेत भूगोल शिकवायची, धाकटी टेलिफोनच्या कचेरीत होती. दोघींनी लग्नं केली नाहीत. धाकटीची साठी उलटली तरी ती घरात ‘बेबी’च होती आणि थोरली तिची ‘ताई’. गाडी ताई चालवायची. डाव्या सीटवर बेबी बसून तिला रस्ता सांगायची, तोही बहुतेक वेळा चुकीचा. मग दोघी भांडायच्या, भांडता भांडता हसायला लागायच्या आणि ताई गाडी बाजूला घेऊन डोळे पुसायची.

ते माझे सुखाचे दिवस होते. रविवारी मला घडी घालून मागे बसवत, आणि दोघींचे केस वाऱ्यावर उडत. सिग्नलला थांबलो की शेजारच्या गाड्यांतली मुलं माना बाहेर काढून बघायची. ढग आले की बेबी आणि ताई दोन बाजूंनी मला ओढून लावायच्या. आत दोघींच्या श्वासांची ऊब धरायची, एक उजवीकडे, एक डावीकडे. माणसं मला चेहऱ्यापेक्षा या उबेवरूनच कळतात. कौतुकाने मी इतका हुरळून गेलो होतो, की हे दिवस संपतील असं कधी मनातही आलं नाही.

मग बेबीला खोकला जडला. गाडीत बसली की तिला थंडी वाजायची. एका पावसाळी दिवशी ताईने पाहिलं, डाव्या बाजूला गाडीच्या पोटाखालून पाण्याची धार लागली आहे. तिला वाटलं, इथूनच गळतंय, आणि याच ओलीने बेबीचा खोकला बळावतोय. तिने पन्हळीच्या कोपऱ्यातलं भोक शोधून काढलं. निळी मेणबत्ती वितळवून ती त्यात ओतली, वरून काडीने दाबून घट्ट बसवली. नदी कुठे उगम पावते आणि कुठे जाऊन मिळते हे तीस वर्षं पोरांकडून घोकून घेणारी बाई! पण स्वतःच्या गाडीतून बाहेर जाणारं पाणी तिला आत येणारं वाटलं. मी काय करणार? मला तोंड नाही.

त्यानंतर महिन्याभरात बेबी गेली.

गाडी शेडमध्ये उभी राहिली. माझ्यावर धूळ साचली, कडेला बुरशी धरली. पावसाच्या दिवसांत शेडच्या फुटक्या पत्र्यातून माझ्यावर पाणी पडायचं. उजवीकडचं नळीतून निघून जायचं. डावीकडचं कुठे जाणार? पन्हळ भरली की ते उलटं फिरून माझ्या अस्तरात मुरायचं. अस्तर आठ आठ दिवस ओलं राहायचं.

एका दुपारी ताई शेडमध्ये आली. बाहेर लख्ख ऊन होतं. ती आपल्या जागेवर बसली आणि तिने दार लावून घेतलं. मग हळूच म्हणाली, “बेबी?”

त्याच क्षणी माझ्या शिवणीतून एक थेंब सुटला आणि डाव्या सीटवर पडला.

शपथेवर सांगतो, तो योगायोग होता. पण ताई झटकन डावीकडे वळली. तिने सीटवर हात फिरवला. सीट ओली होती, मधोमध, कुणी ओल्या कपड्यांनी बसून नुकतंच उठून गेल्यासारखी. बाहेर कोरडा ठणठणीत दिवस आणि आत ही ओल. “आलीस होय गं?” ताई म्हणाली आणि रडू लागली.

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा आली, मग रोजच यायला लागली. “थंडी वाजतेय का?” म्हणायची. थेंब पडला की घरात जाऊन शाल आणायची आणि रिकाम्या सीटवर पांघरायची. थेंब म्हणजे ‘हो’, नाही पडला तर ‘नाही’, असं तिने मनाशी ठरवूनच टाकलं. आणि इथे माझी चूक सुरू होते, मित्रांनो. माझ्या लक्षात आलं होतं, की बरगड्या जरा सैल सोडल्या की थेंब सुटतो आणि ताणून धरल्या की राहतो. दोन वर्षं माझ्याकडे कुणी ढुंकून पाहिलं नव्हतं. आता ताई रोज येत होती, माझ्याखाली बसत होती, बोलत होती. तिने जाऊ नये म्हणून मी उत्तरं द्यायला लागलो.

एकदा ताईने विचारलं, “भाची येते म्हणतेय राहायला. येऊ दे का?” ही भाची म्हणजे त्यांच्या चुलत बहिणीची मुलगी. ती आली तर ताई माझ्याकडे कशाला येईल? मी थेंब घट्ट धरून ठेवला. त्या संध्याकाळी ताईने भाचीला फोन करून सांगितलं, “इतक्यात नको गं येऊस. मला सोबत आहे.”

पाऊस ओसरला आणि अस्तर वाळू लागलं तेव्हा मी घाबरलो. पण ताईने त्यावरही उपाय काढला. भर उन्हात झाडांना पाणी घालायची झारी घेऊन ती शेडमध्ये यायची, इकडेतिकडे बघायची आणि माझ्यावर पाणी ओतायची. एकदा शेजारच्या काकूंनी कुंपणावरून विचारलं, “काय हो बाई, रोज रोज गाडी धुता? जाता तर कुठेच नाही!” ताई चोरी पकडल्यासारखी दचकली. “धूळ फार बसते हो,” एवढंच म्हणाली आणि आत वळली.

तिला ठाऊक होतं की पाणी तीच ओततेय. तरी आत बसून ती बेबीचीच वाट बघायची. याची मला सगळ्यात जास्त भीती वाटायची.

हळूहळू गाडीत कुबट वास भरला. पायाखालचा पत्रा गंजून मऊ पडला. ताईला खोकला सुरू झाला, अगदी बेबीसारखा, आधी दोनदा कोरडा आणि मग लांबलचक. ती जेवायला आत जाईनाशी झाली. तिच्या श्वासाची ऊब रोज थोडी कमी होत होती. आणि डावीकडे, जिथे कुणीच बसत नव्हतं, तिथलं माझं अस्तर मात्र अधूनमधून कोमट लागायचं. ओलीमुळे असेल, असं मी स्वतःला समजावत राहिलो.

मग ती दुपार आली. ताईच्या अंगात ताप होता. झारीभर पाणी माझ्यावर ओतून ती कशीबशी आत येऊन बसली. शेडचं दार तिने आधीच आतून लावून घेतलं होतं, आता गाडीचंही लावलं. बराच वेळ खोकली. मग म्हणाली, “बेबी, मला एकटीला नाही गं जमत. मी येऊ का तुझ्याकडे?”

माझं अस्तर पाण्याने जड झालं होतं. थेंब शिवणीवर येऊन लोंबत होता. ताई त्याच्याकडे एकटक बघत होती. माझ्या नाकी नऊ आले. आजवर गंमत म्हणून, स्वार्थ म्हणून जे केलं होतं, ते आता माझ्या अंगाशी आलं होतं. मी पाचही बरगड्या ताणल्या. गंजलेले खिळे करकरले. थेंब फुगत चालला. आता पडणार, आता पडणार, असं होत होतं. मी कमी पडतोय, हे मला स्पष्ट कळत होतं.

थेंब पडला नाही.

ताई किती वेळ बघत होती कोण जाणे. शेवटी तिने मोठा श्वास सोडला. “नको म्हणतेस?” ती म्हणाली. “बरं बाई. तू म्हणतेस तर नाही येत.” ती उतरली, भिंतीला धरून शेडबाहेर गेली आणि तिने भाचीला फोन लावला. माझा जीव भांड्यात पडला.

भाचीने आधी मावशीला डॉक्टरकडे नेलं. मावशी हिंडूफिरू लागल्यावर गाड्यांचे टप आणि सीटा शिवणारा एक म्हातारा कारागीर बोलावला. त्याने भाचीला आत बसवलं, वरून पाणी ओतलं, कान लावून ऐकलं आणि पन्हळीत बारीक तार घातली. तारेला निळ्या मेणाचा गोळा लागून आला. मागोमाग साचलेलं पाणी भळाभळा जमिनीवर वाहून गेलं.

“कोणी घातलं हो हे?” कारागिराने विचारलं.

“मीच,” ताई म्हणाली. “तिला गार लागायचं ना, म्हणून.” मग तिने विचारलं, “म्हणजे इतके दिवस ते नुसतं पाणी होतं?”

“पाणीच की हो बाई. दुसरं काय असणार?”

ताईने मान डोलावली. भाचीने तिचा हात धरला तेव्हा तिने तो सोडवून घेतला नाही.

आता माझं अस्तर नवीन आहे, शिवणीही नव्या आहेत. भाची ताईजवळच राहते आणि रविवारी डावीकडे बसते. मित्रांनो, तुमच्याकडे असा टप असेल तर त्याच्या नळ्या वर्षातून दोनदा तारेने साफ करा. ओला असताना त्याची घडी घालू नका. आणि एखादं माणूस एखाद्या वस्तूजवळ तासन्‌तास बसून बोलताना दिसलं, तर हसू नका, पण त्याला तिथे एकटं सोडूही नका. वस्तूंवर विसंबू नका. आम्हाला स्वार्थ सुटत नाही.

आणखी एक गोष्ट आहे, ती कारागिराला कळली नाही आणि ताईलाही नाही. त्या दुपारी तो थेंब मी एकट्याने धरला नव्हता. माझी ताकद संपली तेव्हा डाव्या सीटवरून कुणीतरी माझ्या अस्तराला खालून तळहात लावला आणि मला वर उचलून धरलं. पाची बोटं मला वेगवेगळी जाणवली.

ताईचे दोन्ही हात तेव्हा स्टिअरिंगवर होते.