सावरीची उशी

१९८४ सालच्या चैत्रात केसरबाई परसात बसून सावरीची बोंडं फोडत होती. कापूस नाकातोंडात जात होता, पण उशी आजच शिवून व्हायला हवी होती. आत तिची सून कमळा कण्हत होती. माघात चिमणी पेटवताना कमळाच्या नायलॉनच्या पातळाने पेट घेतला. हनुवटी, गळा आणि छाती भाजली. दोन महिने जिल्ह्याच्या दवाखान्यात काढून ती कालच घरी आली होती.

निघताना मीराबाई नर्सने बजावलं होतं, "उशी अजिबात द्यायची नाही. मान मागे ताणलेलीच राहिली पाहिजे."

केसरबाईने होकार दिला होता. पण रात्रभर पोरीचं रडणं ऐकून तिचा जीव कासावीस झाला. "पोटच्या पोरीले असं निजवलं असतं काय त्या नर्सनं?" असं पुटपुटत तिने मऊ उशी कमळाच्या डोक्याखाली सरकवली. कण्हणं थांबलं.

सून जळाली की गाव आधी सासूकडे पाहतं. केसरबाईकडेही पाहिलं होतं. म्हणून तिने सेवेत कसर ठेवली नाही. ज्येष्ठापर्यंत जखमा बुजल्या. शेजारची बायनाबाई येऊन म्हणाली,

"सासू असावी तं तुह्यावानी व केसरे! अन् पोरगीही गुणाची. एवढं भोगलं, पण मान वर करून पाहत नाई कोनाकडं."

"आमच्या घरची रीतच तशी हाय," केसरबाई म्हणाली. मग हेच ती पाणवठ्यावर चार बायांना ऐकवू लागली.

पाऊस तोंडावर आला तसा तिचा मुलगा दसरू कवेलू फेरायला, फुटकी कौलं बदलायला, छपरावर चढला. कमळाने घरात उभं राहून उजेड कुठून येतो ते सांगायचं होतं.

"बोल ना व, कुठी दिसते?" दसरू वरून ओरडला. "उभ्या उभ्या झोपली का?"

केसरबाई आत डोकावली आणि उंबऱ्यावरच थिजली.

कमळाने खांब दोन्ही हातांनी धरला होता आणि ती कमरेतून मागे वाकली होती. डोळे वर चढवून छप्पर शोधत होती. हनुवटी मात्र छातीला जखडलेली, जागची हलली नव्हती. खालचा ओठ ओढला जाऊन हिरडी उघडी पडली होती.

"मान वर कर ना व," केसरबाई कशीबशी म्हणाली.

"होत नाई, आत्याबाई."

"कवापासून?"

"जखमा भरत आल्या तवापासून."

"अन् सांगतलं काऊन नाई?"

कमळा सरळ झाली. "तुमी साऱ्या बायाइले सांगत होत्या. खुश होत्या. मले वाटलं, राहू द्या."

केसरबाईने तिच्या गळ्याला हात लावला. बोटांखाली चामडी दोरासारखी ताठ लागली. रोज याच तोंडात तिने पेज भरवली होती. वर कवेलू सरकत राहिले.

दवाखान्यात मीराबाईने एकदाच पाहिलं.

"उशी दिली होती?"

"तिले दुखत होतं, बाई."

"दुखू द्यायचं होतं."

नागपूरला ऑपरेशन झालं. मांडीची कातडी काढून गळ्याला लावली. पुढे वर्षभर रोज तीनदा मान मागे दाबायची, रडली तरी सोडायची नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. कोण करणार, म्हणताच दसरूने तोंड फिरवलं.

"मी," केसरबाई म्हणाली.

घरात परत किंकाळ्या सुरू झाल्या. बायनाबाई पोलीस पाटलाला घेऊन आली. "सासूच ते शेवटी! पोरीचा गळा दाबून राह्यली."

केसरबाईने दार उघडलं नाही. "थांबा," आतून म्हणाली, "आधी होऊ द्या."

पुढल्या वर्षी मीराबाईची सिरोंच्याला बदली झाली. दसरू वडशाच्या राईस मिलमध्ये हमालीला लागला, तिथेच म्हातारा झाला. बायनाबाईने त्या घरची पायरी पुन्हा चढली नाही. केसरबाई शहाण्णव साली वारली. म्हातारीने सुनेला लय छळलं, असं बोलणं गावात अजून निघतं.

कमळा साठीची आहे. तिच्यासमोर कोणी तसं बोललं, की ती हातातलं काम थांबवते आणि मान वर करून बोलणारीच्या तोंडाकडे पाहत राहते, ती बाई गप्प होईपर्यंत.