दुपारचा आकडा

मी एक जुनं ग्लुकोमीटर आहे, माणसांच्या रक्तातली साखर मोजून मोजून थकलेलं. मित्रांनो, आजवर मी इतकी बोटं चाखली आहेत, की ती एकापुढे एक मांडली तर चंद्राला गुदगुल्या होतील.

कारखान्यात माझ्या शेजारच्या टेबलावर खेळण्यातले बेडूक बनत. माझी जागा जरा चुकली असती तर आज मजेत उड्या मारल्या असत्या. पण नशिबी आले शिंपीमास्तर. त्यांच्या खणात, खडू आणि बटणांच्या शेजारी माझा मुक्काम. मास्तरांचा नेम पक्का होता. सकाळी उपाशीपोटी एक थेंब, की दिवसभर माझी आठवण नाही. आकडा बरा आला की बायकोला सांगायचे, "शहाणं आहे गं आपलं मशीन!"

पुढे मास्तरांना दम लागू लागला. छातीच्या डॉक्टरांनी काही दिवसांसाठी स्टिरॉइडच्या गोळ्या दिल्या. मधुमेहाचं मास्तरांनी तिथे सांगितलंच नाही. "छातीवाल्याला साखरेशी काय करायचंय?"

श्वास मोकळा झाला. पण दुपार झाली की घशाला कोरड पडे, तहान पाण्याने भागेना, सुईत दोरा जाईना. माझा सकाळचा आकडा मात्र बरा, म्हणून मास्तर निर्धास्त.

अखेर एका दुपारी काकूंनी, म्हणजे मास्तरांच्या बायकोने, मला बाहेर ओढलं. मी दाखवलं, चारशे बारा.

"म्हातारं झालंय, चळलंय!" म्हणत मास्तरांनी मला टेबलावर आपटलं.

"त्याला कशाला बोलता? हे घ्या माझं बोट."

नवी सुई, नवी पट्टी. काकूंचा आकडा साधासरळ. सुनेचाही तसाच. इस्त्रीवाला कपडे द्यायला आला, त्यालाही सोडलं नाही. तोही ठणठणीत निघाला.

"चळलंय कोण, ते कळलं," काकू म्हणाल्या.

मास्तरांचा चेहरा उतरला. "गोळ्यांनीच घात केला. फेकूनच देतो!"

काकूंनी त्यांचा हात धरला. "कापडाला कात्री लावण्याआधी दोनदा मापता ना? मग आधी विचारा."

फोनवर डॉक्टर कडाडले, "गोळ्या मनाने बंद करू नका, जिवावर बेतेल! त्यांच्यामुळे साखर वाढते. सकाळी घेतल्या की दुपारनंतर जास्तच. मधुमेह आहे हे आधी सांगायचं नाही का? आत्ताच्या आत्ता या."

साखरेचं औषध बदललं. स्टिरॉइड डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे हळूहळू कमी झालं. आणि माझ्या दुपारच्या झोपेचं खोबरं झालं ते झालंच, कारण तेव्हापासून दुपारीही थेंब चाखावा लागतो. पण एका दुपारी मास्तरांनी पहिल्याच फटक्यात सुईत दोरा ओवला. काकूंनी पदराने माझी काच पुसली.

आता त्या काचेवर ओरखडे आहेत, बटणही अडतं. मित्रांनो, घरात माझ्यासारखं कुणी असेल तर हात धुऊन थेंब द्या, पट्ट्यांच्या डबीचं झाकण लावा, डॉक्टरांपुढे एकही आजार लपवू नका. आणि आकडा आवडला नाही तरी आपटू नका हो. आपटल्यावर उडी मारायला मी काही बेडूक नाही.