राजाबाईच्या हातची बाळंतीण

पिशोरला उन्हाळा लागत नाही, असं राजाबाई ज्याला त्याला सांगायची. आता उन्हाळा कुठं लागत नाही हो? पण गाव डोंगराच्या कुशीत, पहाटं गार वारं सुटायचं, चैतातसुद्धा अंगावर गोधडी ओढावी लागायची. त्याचा बाईला असा काही ताठा, की जसं ते वारं हिनंच घरात पाळलंय. लेकीच्या, सत्यशीलेच्या, डोहाळजेवणाला ती तिच्या सासरी, शहरातल्या बजाजनगरला गेली, तर तिथंही तेच. विहीणबाई आपल्या सरळ मनानं म्हणाल्या, "बाळंतपण इथंच करू. कूलर आहे, दवाखाना जवळ आहे. यंदाचं ऊन काही बरं दिसत नाही."

तर ही भरल्या बायकांत म्हणाली, "कूलर तुमच्या ह्या खुराड्यांना लागतो, विहीणबाई. आमच्याकडं देवाचा कूलर हाय."

बायका हसल्या. विहीणबाईही हसल्या, म्हणजे त्यांना हसावंच लागलं. पहिलं बाळंतपण माहेरचं, त्यावर सासूनं काय बोलायचं?

बरं, बाईच्या तोंडाला लगाम नव्हता, पण हाताला यश होतं, हे मान्य केलं पाहिजे. गल्लीतल्या निम्म्या बाळंतिणी राजाबाईनं उठवलेल्या. अंगाला तेल, बाजेखाली निखारे, ओवा-वावडिंगाची धुरी, पाणी उकळलेलं आणि तेही घोटभर. दार-खिडकी बंद. लेकराला टोपडं, त्यावर लोकरीचं दुपटं. सव्वा महिना वारं म्हणून लागू द्यायची नाही. राजाबाईच्या हातची बाळंतीण बाहेर आली की बायका तिच्या तोंडाकडं बघत राहायच्या, अशी तुकतुकीत. थंड गावात हे सगळं खपून जात होतं.

सत्यशीलेला मुलगी झाली आणि त्याच आठवड्यात पिशोरचं वारं पडलं. आदल्या सालचा पाऊस गेलेला, विहिरी आटलेल्या, गावाला टँकर चालू. शहर वाढलं तसा शहराकडं जाणारा रस्ता रुंद झाला, त्यात दुतर्फाची जुनी झाडं गेली. वारं यायचं तरी कुठून? ऊन असं पेटलं, की म्हातारी माणसं म्हणायला लागली, जन्मात असलं पाहिलं नाय. रात्रीसुद्धा भिंतीला हात लावला की चटका. ज्यानं त्यानं आपापल्या परीनं तोड काढली. कुणी दुपारभर देवळात जाऊन पडायचं. शेजारच्या जमिलानं दार-खिडक्यांना गोणपाटं टांगली आणि ती त्यांच्यावर पाणी मारत बसायची.

राजाबाईच्या घरानंही तोड काढली, पण कुणासाठी? तिचा नवरा मुंजाबा पिढीजात मेंढपाळ. दोघांनी शेळ्या-करडं पत्र्याच्या गोठ्यातून सोडली आणि परसातल्या चिंचेखाली नेऊन बांधली. राजाबाई घडीघडीला ओल्या फडक्यानं करडांची डोकी पुसायची. टँकर आला की आधी त्यांना पाणी. ऊन लागलेलं करडू ओरडायचं थांबतं आणि मान टाकतं, हे तिला कळत्या वयापासून ठाऊक. त्या उन्हाळ्यात तिनं एक करडू दगावू दिलं नाही.

आणि लेक? लेक पत्र्याच्या खोलीत, दार लावलेलं, बाजेखाली निखारे. सांगतानासुद्धा राग येतो.

"माय, पंखा लाव गं," सत्यशीला म्हणायची.

"बाळंतिणीला पंखा? जन्माचं दुखणं लागंल."

"मग पाणी तरी दे. घसा सुकलाय. दूधबी उतरंना."

"मघाशी दिलं की घोटभर. पाण्यानं पोट सुटतं. दूध खसखशीच्या खिरीनं येतं, पाण्यानं नाय."

जमिला एक भिजवलेलं गोणपाट घेऊन दारात आली. "राजाबाई, हे खिडकीला लावा ओ. बच्ची छोटी है, गरमी कैसी है देखो तो सही."

"त्या ओल्या वाऱ्यानं लेकरू पडशानं आजारी पडंल. तुमचं तुमच्यापाशी राहू द्या."

जमिलाला ते लागलं. ती गोणपाट घेऊन परत गेली. चिंचेखालून मुंजाबा म्हणाला, "सत्याची माय, ती बरोबर बोलती."

"तुम्ही शेरडं बघा," राजाबाई म्हणाली. तो शेरडं बघायला लागला. बाळंतिणीच्या खोलीत पुरुषाचं काय चालतंय?

खरी गोष्ट अशी, की त्या खोलीत जाताना राजाबाईचाही जीव गुदमरायचा. लुगडं घामानं अंगाला चिकटायचं. निखारे काढून टाकावेत असं तिच्या मनात एकदा नाही, कैकदा आलं. पण काढले आणि हे बजाजनगरला कळलं तर? देवाचा कूलर कुठं गेला म्हणून विहीणबाई विचारणार. त्या एका बोलापायी तिनं निखारे राहू दिले.

एका दुपारी खोलीतलं रडणं थांबलं. झोपली वाटतं पोर, बरं झालं, असं म्हणून राजाबाईनं करडांना पाणी दाखवलं आणि मग आत गेली. सत्यशीला लेकराला छातीशी धरून बसली होती. तिचे ओठ फुटले होते.

"माय, ही ओढतच नाय गं. सकाळपासून लंगोटबी ओला झाला नाय."

राजाबाईनं दुपटं सोडलं तर आतून नुसती वाफ आली. अंग तव्यासारखं तापलेलं. तिनं लेकराची मान तळव्यावर घेतली, तर ती एका बाजूला पडली. अशी पडलेली मान तिनं पुष्कळदा पाहिली होती, करडांची.  ती लेकरू उचलून तशीच अनवाणी जमिलाच्या दारात गेली, आणि जमिलाच्या लेकानं, फारूखनं, एक शब्द न विचारता रिक्षा काढली. गावच्या दवाखान्यात अंग पुसलं, सुई लावली, आणि पुढं तिघींना गाडीतून शहरातल्या मोठ्या दवाखान्यात पाठवलं.

तिथली डॉक्टरीण तरणी होती, पण तिखट. "एवढं कुणी गुंडाळलं हिला? ह्या उन्हात? आणि तुझ्या अंगात पाणी का नाही, गं?"

राजाबाईनं तोंड उघडलं. तेवढ्यात सत्यशीला म्हणाली, "मीच गुंडाळलं. पाणीबी मीच पीत नव्हते. मला कळलं नाही."

मग डॉक्टरणीनं तिला चांगलं फैलावर घेतलं. शिकलेली ना तू, लेकरू मारायला निघाली होतीस का? वॉर्डातल्या बायका वळून बघायला लागल्या. लेक मान खाली घालून ऐकत राहिली, आणि आई शेजारी खांबासारखी उभी. त्या घडीला राजाबाईला काय वाटलं असेल? सुटल्यासारखं वाटलं. सुटले बाई, आपल्यावर आलं नाही.

पोरीचा ताप उतरायला सकाळ उजाडली. ती रडली, ओढायला लागली, आणि सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. राजाबाईला मात्र आपण सुटलो असं वाटल्याचं आठवलं आणि तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. लेकीला आधी तहानेनं मारलं आणि वर चारचौघांत शिव्या खायला पुढं केलं. तिला नातीला हात लावायची लाज वाटायला लागली. सत्यशीला तिला टाकून बोलली असती तर बरं झालं असतं. ती नुसती दिलं की पाणी प्यायची आणि भिंतीकडं तोंड करून पडायची.

घरी सोडायच्या दिवशी विहीणबाई आल्या. डॉक्टरणीकडून त्यांना सगळं कळलेलं. त्या खाटेवर बसल्या आणि वॉर्डाला ऐकू जाईल अशा बोलल्या, "मी तर रामेश्वरला सांगत होते, तुझी बायको राजाबाईंच्या हाताखाली आहे, घोर नको करू. पण आजकालच्या पोरी आईचं ऐकतील तर ना! आता मी ठरवलंय. हिच्या एकटीच्या हातात लेकरू द्यायचं नाही. सव्वा महिना पिशोरला, तुमच्याच डोळ्यापुढं राहू द्या."

सत्यशीलेनं चटकन आईकडं बघितलं. एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच बघितलं, आणि त्या नजरेत भीती होती. पोटची लेक आपल्याला भ्यायली, हे बघून राजाबाईला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं.

"विहीणबाई," ती म्हणाली, "लेकराला गुंडाळलं मी. निखारे मी ठेवले. हिनं पाणी मागितलं, मी दिलं नाय. हिचा काही गुन्हा नाय."

विहीणबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. "बघा, ह्याला म्हणतात आई. लेकीचा दोष कसा अंगावर घेतला."

"आईचं काळीज, बाई," शेजारच्या खाटेवरची म्हातारी म्हणाली.

"खरं सांगते मी. विचारा हिला."

"काय विचारायचं? डॉक्टरीणबाईपुढं कबूल झाली की ती."

सत्यशीला पदराच्या टोकाशी चाळा करत बसली. आईला उघडं पाडायचं तिच्या जिवावर आलं असेल, नाहीतर बोलायचं बळच उरलं नसेल. बायका राजाबाईचं कौतुक करत राहिल्या. चार माणसांत मान मिळावा म्हणून जी बाई जन्मभर बोलत आली, तिला तो मान आता तोंडात मारल्यासारखा लागत होता.

"तर मग ठरलं," विहीणबाई म्हणाल्या, "पिशोर."

"नको," राजाबाई म्हणाली. "तुमच्या घरी न्या."

"सव्वा महिना व्हायच्या आत? बाळंतिणीला माहेरून लावून द्यायचं? लोक काय म्हणतील?"

"म्हणू द्या. माझ्याच्यानं होत नाय."

विहीणबाईंचा चेहरा बदलला. त्यांनी राजाबाईकडं खालीवर बघितलं. "म्हणजे लेक जड झाली म्हणा की तुम्हाला."

खरं सांगितलं तेव्हा कुणाला पटलं नव्हतं. हे मात्र वॉर्डाला एका क्षणात पटलं. दारात उभा असलेला मुंजाबा काही बोलायला पुढं आला, तशी राजाबाईनं त्याच्याकडं अशी काही नजर टाकली की तो जागीच थांबला.

"व्हय," ती म्हणाली. "जड झाली."

मघाची म्हातारी तोंड फिरवून बसली. विहीणबाईंनी सत्यशीलेच्या मांडीवरून लेकरू उचललं, पिशवी घेतली. "चल गं सत्यशीला. आपल्या घरी कूलर आहे, मीही आहे."

सत्यशीला उठली. माहेरातून निघताना लेक वाकते तशी ती आईच्या पायाशी वाकली. राजाबाईनं दोन्ही पाय मागं घेतले.

"बघा, पायाही पडू देईना," विहीणबाई दारातून म्हणाल्या, आणि राजाबाईनं ते खाली मान घालून ऐकून घेतलं.