मीठ-हळद लावलेला नमुना

अमळनेरजवळच्या आमच्या शेततळ्यातले रोहू मरायला लागले. पोटं फुगलेली, डोळे बाहेर, अंगावर लाल चट्टे. आबानं दुकानातून कसल्याशा पावडरची गोणी आणली.

"बठ्ठी टाकी दिसू." सगळी गोणी एकदम तळ्यात ओतायला निघाला.

"आबा, रोग कोणता ते तर कळू दे!" बाप असला म्हणून काय झालं? शाळा सोडल्यावर भांडभांडून मीच तळ्यात मासे सोडायला लावले होते.

धुळ्याच्या लॅबमधल्या मॅडमला फोन केला. त्या म्हणाल्या, आजारी पण जिवंत मासा आण, तळ्याच्याच पाण्यात. आधी औषध टाकलं तर जंतू सापडायचे नाहीत.

आबा म्हणाला, "दुफारपावत वाट दखसू. मंग टाकसूच."

दोन सुस्त रोहू पकडून बादलीत ठेवले आणि झाकणाची कॅन मागायला शेजारी गेले. परत येते तर माय विळा घेऊन बसलेली. खवलं काढलेली, पोट साफ, डब्यात तुकडे आणि त्यावर मीठ-हळद.

"माय व माय! हाई काय करं तू?"

"मयुरे, धुयापावत मासा नासस ना. आनि सरकारी बाई शे, रिकामा हातवरी कशी जाशी?"

"रोगाचा मासा खाऊ घालतेस त्यांना?"

"शिजी गया का काय रोग ऱ्हास?"

डोकं आपटावंसं वाटलं. चट्टे खवल्यांबरोबर उकिरड्यावर! पुन्हा तळ्यावर पळाले. आजारी मासा काठालाच रेंगाळतो, हात घातला तरी पळत नाही. तसला एक कॅनमध्ये घातला आणि एसटी धरली. शेजारच्या सीटवरची बाई नाकाला पदर लावून बसली. बसू दे.

लॅबमध्ये मॅडमनी मासा चिरून आतला जरासा भाग काचेच्या ताटलीवर लावला. "रोग जंतूंचाच दिसतोय. पण कोणते जंतू, कुठलं औषध लागू पडेल, ते परवा कळेल. तोवर तळ्यात काहीही टाकू नका."

परवा! इथं दुपार उलटून गेलेली. आबा फोन उचलेना. मायला लावला.

"टाकलं का गं त्यानं?"

"कसा टाकी? मी गोणीवर बठेल शे."

मागून आबा ओरडत होता, "ऊठ ना व! भाकरी कोन टाकी?"

"तुम्हीच टाका," माय म्हणाली. मग मला, "तू ये लवकर. पाय आखडी गयात."

आता हिला परवापर्यंत तिथंच बस म्हणून कसं सांगू?